आगीनं आखलेलं घर, प्लेगनं आखलेलं घर

विलेपार्ले पूर्वेला कुठल्याही जुन्या इमारतीचे कागद उघडले, की पत्त्याच्याही आधी एक ओळ दिसते : एफ. पी. नंबर अमुक, टी. पी. एस. तमुक, विलेपार्ले. एफ. पी. म्हणजे फायनल प्लॉट, टी. पी. एस. म्हणजे टाऊन प्लॅनिंग स्कीम. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगांना जाऊन जाऊन निम्म्या पार्ल्याला ही अक्षरं पाठ झाली आहेत. पण फायनल प्लॉट असेल तर त्याच्या आधीही एखादा प्लॉट असणार, तो कुठे गेला, हे फारसं कुणी विचारत नाही. त्या हरवलेल्या प्लॉटाचा माग काढत गेलं, की पार्ल्याचं जुनं घर जसं दिसतं तसंच का दिसतं, हे समजायला लागतं.

आपण घराचं श्रेय मालकाच्या हौसेला देतो, फार तर मिस्त्रीच्या हाताला. माझं मत असं, की शहरातलं घर आधी कायदा आखतो, मग जमिनीचा व्यवहार आखतो, आणि उरलेल्या जागेत मालकाची हौस बसते. याचं जगातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे इंग्रजांचं शहरी घर. तेव्हा पार्ल्याआधी लंडनला जाऊन येऊ.

जायचं तर आपल्या ओळखीच्या घरी जावं. लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं चार मजली घर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतलं. घर सुमारे दोन हजार चौरस फुटांचं, तेही चार मजल्यांत वाटलेलं. म्हणजे एका मजल्यावर दोन खोल्या आणि कडेला जिना. बाबासाहेबांचं घर म्हणून तिथे जाणाऱ्या आपल्या माणसाला रुंदी बघून जरा आश्चर्य वाटतं. शेजारच्या घराला चिकटून उभं असलेलं हे घर समोरून अरुंद आहे आणि आत व वर वाढत गेलं आहे.

हा अरुंदपणा गरिबीचा नाही. लंडनमधली जमीन मोठमोठ्या जमीनदारांची, सरदारांची, संस्थांची असायची. प्रिमरोझ हिलच्या त्या परिसरात ती ईटनच्या शाळेची होती. ही शाळा सहाव्या हेन्री राजानं काढली, म्हणून रस्त्याला त्याचं नाव. जमीनदार जमीन विकत नसे. बहुधा ९९ वर्षांच्या करारानं ती बांधकाम करणाऱ्याला देई. त्यानं स्वतःच्या खर्चानं घरं उठवायची, विकायची. मुदत संपली की जमीन घरासकट मूळ मालकाकडे परत. रस्ता आणि गटार यांचा खर्च दर्शनी फुटांवर पडे, म्हणून दर्शनी बाजू पंधरा ते पंचवीस फुटांत आटपायची आणि घर मागे लांबवायचं. एका रस्त्यावर जास्तीत जास्त दारं बसवायची, एवढाच हिशोब.

घरं एकमेकांना चिकटली ती अशी. पण त्यांचा चेहरा ठरवला आगीनं. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनमध्ये बेकरीतून लागलेली आग चार दिवस चालली आणि तिनं तेरा हजारांवर घरं खाल्ली. ही घरं बहुतेक लाकडी होती आणि वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले होते. १६६७ चा कायदा आला : यापुढे बांधकाम विटांचं किंवा दगडाचं, आणि कुठल्या प्रकारच्या घराला किती जाड भिंत हे सरकार सांगणार. १७०७ मध्ये छपराखालची लाकडी नक्षीची पट्टी गेली. भिंतच वर नेऊन छप्पर तिच्यामागे लपवायला लावलं. १७०९ मध्ये हुकूम निघाला, की खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत बसवायची, म्हणजे आगीची झळ एका खिडकीतून दुसरीत जाणार नाही. १७७४ च्या कायद्यानं घरांना आकार-किमतीप्रमाणे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत दर्जे लावले आणि खिडकीची चौकट विटांच्या आड दडवायला सांगितली. इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला जॉर्जियन शैलीचा संयम म्हणून वाखाणतात, त्या सपाट भिंती, खोल बसलेल्या खिडक्या, न दिसणारं छप्पर, यांतला बराचसा संयम बंबखात्याचा आहे.

आत गेल्यावर हे घर म्हणजे उभा केलेला उतरंडीचा नकाशाच. रस्त्याच्या पातळीखाली तळघर, त्यात स्वयंपाकघर. पुढे रस्त्याला लागून खोदलेला अरुंद हौद, त्यातून तळघराला उजेड आणि नोकरांना वेगळी वाट. फुटपाथखाली कोळशाची कोठी. फुटपाथमधलं गोल लोखंडी झाकण काढून कोळसेवाला पोतं वरूनच ओतणार, घरात पाऊल न टाकता. तळमजल्यावर जेवणघर, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना, त्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच. वर निजायच्या खोल्या, खिडक्या लहान होत जाणार. अगदी माळ्यावर मोलकरणी. आपल्या पार्ल्यातल्या एखाद्या सोवळ्यातल्या आजीला, चूल जमिनीखाली आणि मोलकरीण सगळ्यांच्या डोक्यावर, अशी व्यवस्था दाखवली असती तर तिनं इंग्रजांच्या राज्याविषयीचं आपलं मत आणखी पक्कं केलं असतं. खिडक्यांवरही कर होता, १६९६ ते १८५१. काही घरांच्या बुजवलेल्या खिडक्या अजून दिसतात.

आणि कायदा अजून संपलेला नाही. बाबासाहेबांच्या घरात स्मारक झालं, तेव्हा तिथल्या कॅम्डेन कौन्सिलनं हरकत घेतली : ही राहत्या घरांची जागा, इथे संग्रहालयाची परवानगी नाही. चौकशी, अपील, आणि मार्च २०२० मध्ये थेट ब्रिटिश मंत्र्याकडून मंजुरी. ‘वापरातला बदल’ या फाईलमध्ये महाराष्ट्र सरकारही अडकू शकतं, हे वाचून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घातलेल्यांना थोडं बरं वाटायला हरकत नाही.

पार्ल्याला जवळचं असं लंडनमधलं आणखी एक घर आहे, मेडा व्हेलमधलं १० हाउली प्लेस. इंग्रज पत्रकार चिरोल याच्याविरुद्धच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे राहिले. घरावर निळी पाटी आहे. ते परतले, ऑगस्ट १९२० मध्ये वारले, आणि १९२१ मध्ये पार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ सुरू झाला. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेब किंग हेन्रीज रोडवर आले, त्याच वर्षी पार्ल्यात टिळकांच्या नावानं शाळा उघडली. अशा संस्था काढणारी माणसं, म्हणजे शाळामास्तर, कारकून, वकील, डॉक्टर, पार्ल्यात राहायला येत होती. का येत होती?

त्याचं उत्तर सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला सापडतं. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तिथल्या रोग्यांना झालेला आजार ओळखला : गाठीचा प्लेग. त्यानंतरची वर्षं मुंबईनं कशी काढली ते आपल्याकडे घरोघर सांगितलं जायचं. घरं धुऊन काढली, छपरं उघडी केली, माणसं शहर सोडून पळाली. १८९८ मध्ये सरकारनं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याचं मुख्य काम : दाटीच्या वस्त्या फोडून हवा आणि उजेड आत घालायचा. कारण तेव्हा पक्की समजूत अशी होती, की कोंदट हवा आणि अंधाऱ्या खोल्या हेच प्लेगचं घर.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर या उजेडाचं गणितच मांडलं. नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करत वर रेघ काढा. समोरची इमारत त्या रेघेच्या वर डोकावता कामा नये. शाळेतली भूमिती आठवत असेल तर लगेच कळेल : या कोनात उंची रुंदीच्या जवळजवळ दुप्पट येते. म्हणजे समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल, तर मधे वीस फूट मोकळी जागा हवी. दादर-माटुंग्याच्या वसाहतींमधल्या इमारती एकमेकींपासून जेवढ्या अंतरावर उभ्या आहेत, त्यामागे हा हिशोब आहे.

गंमत अशी, की विज्ञान तोवर पुढे गेलं होतं. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे दाखवलं होतं, आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनानं ते पक्कं केलं. दोन भिंतींमध्ये किती फूट हवा आहे याचं पिसवेला काय? पण तोवर मोकळ्या हवेचा विचार प्रशासनात रुजला होता. चुकीच्या रोगनिदानातून बरोबर औषध निघावं तसं हे झालं. प्लेगसाठी सोडलेल्या त्या जागेत पार्ल्याची आंब्या-जांभळांची झाडं वाढली.

पार्ले तेव्हा मुंबईत नव्हतं. ते ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीत. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला, आणि मुंबई महापालिकेत पार्ले आलं ते १९५० मध्ये. भातशेती, वाड्या, बांध, विहिरी, पश्चिमेला नि पूर्वेला ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची गावठाणं. प्लेगनंतर माणसं साष्टीकडे सरकायला लागली, तेव्हा हे शेत घरांसाठी कसं कापायचं हा प्रश्न आला. शेताचे तुकडे बांधांच्या मर्जीनं वाकडेतिकडे. कुणाचा त्रिकोणी, कुणाचा चिंचोळा, कुणाच्या तुकड्याला रस्ताच नाही.

१९१५ चा बॉम्बे टाऊन प्लॅनिंग ॲक्ट याच प्रश्नावर आला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा. नाव आणि मुलामा इंग्रजी, कारण इंग्लंडमध्ये असा कायदा १९०९ मध्ये झाला होता. पण त्यातली खरी युक्ती इंग्लंडची नाहीच. ती जर्मनीतल्या फ्रँकफर्टची. तिथले महापौर फ्रान्झ आडिकेस यांनी १९०२ मध्ये आणलेल्या कायद्यात अशी सोय होती, की वाकड्यातिकड्या जमिनी सगळ्यांनी एकत्र टाकायच्या, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या, आणि उरलेली जमीन चौकोनी तुकडे करून मूळ मालकांना आपापल्या हिश्शानं परत द्यायची. तुकडा थोडा लहान मिळतो, पण त्याला रस्ता मिळतो आणि किंमत वाढते. वाढलेल्या किमतीतला वाटा योजनेच्या खर्चाला. लंडनमध्ये एक जमीनदार आणि शेकडो भाडेपट्टे. इथे शेकडो लहान मालक आणि एक स्कीम. आधीचा वाकडा तुकडा म्हणजे ओरिजिनल प्लॉट, नंतरचा चौकोनी तो फायनल. कागदावरच्या त्या एफ. पी. ला शंभर वर्षांपूर्वीचा बांध आतून चिकटलेला असतो.

या आखणीतून पार्ल्याचे सरळ, काटकोनात मिळणारे रस्ते निघाले. नावांची मजा वेगळीच : आखणी साहेबाच्या कायद्याची आणि पाट्या नेहरू, मालवीय, अजमल, श्रद्धानंद, सुभाष यांच्या. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची छावणी याच पार्ल्यात पडली होती, तेव्हा हे साजेसंच. मधल्या काळात, ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली आणि फोर्टात नोकरी करून पार्ल्यात राहणं सोपं झालं.

आता त्या फायनल प्लॉटवरचं घर बघू. तीसच्या दशकातलं, दुमजली, अजून एखाददुसरं उभं असतं तसं.

फाटकातून आत आलं की चारी बाजूंना जागा. नियमानं सोडलेली, लोकांच्या भाषेत मार्जिन. लंडनचं घर शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून थंडीत ऊब धरतं. इथे चारी भिंतींना खिडक्या हव्यात, वारा पश्चिमेकडून आत आणि पूर्वेनं बाहेर जायला हवा. लंडनवाला जमिनीत उतरतो, तळघराची माती काढून तीच रस्त्याच्या भरावाला वापरतो. पार्लेकर जमिनीच्या वर चढतो : काळ्या दगडाचं दोन-अडीच फुटांचं जोतं, तीन-चार पायऱ्या. लंडनमध्ये वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चार महिन्यांतच दोन हजारांच्या वर नोंदला जातो. भिंतीमागे लपवलेलं लंडनचं छप्पर आणि त्यामधली पन्हळ इथे पहिल्या जुलैत घरात उतरली असती. म्हणून इथलं छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-तीन फूट येतं, मंगलोरी कौलांचं. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यातून निघालेली ही कौलं आगबोटीनं सगळ्या किनाऱ्यावर पोचली. प्रत्येक खिडकीवर छज्जा, आणि छज्ज्याखाली गज.

पुढे ओटीवजा व्हरांडा, मग बाहेरची खोली, मधून बोळ, दोन्हीकडे खोल्या, मागे स्वयंपाकघर, मोरी, आणि त्यापलीकडे अंगणात विहीर. संडास घरापासून शक्य तितका लांब, अगदी मागच्या कुंपणाशी, कारण मैला उचलणाऱ्या माणसानं घरात यायचं नाही. त्याला मागून हाउस गल्लीची वाट. इंग्रजी घर उतरंड वर-खाली लावतं, आपण ती पुढून मागे लावली, एवढाच फरक. दोन्हीकडे सगळ्यात घाण काम करणाऱ्याची वाट निराळी. जुन्या घरांच्या आठवणींत हुरळताना ती मागची गल्ली आपण सोयीनं विसरतो.

बाहेरच्या खोलीची लादी मात्र जरा वाकून बघावी. नक्षीची, सिमेंटची. फिरोजशा सिधवा यांनी १९२२ मध्ये भारत टाइल्स सुरू केली, ती परदेशी लाद्यांना देशी पर्याय म्हणून. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. पितळी साच्यात रंगीत सिमेंटचा पातळ थर नक्षीप्रमाणे ओततात, त्यावर जाड सिमेंट घालून यंत्रानं दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंग वर लावलेला नसतो, तो लादीच्या अंगात असतो. म्हणून नव्वद वर्षं माणसं चालली तरी फुलं पुसत नाहीत, उलट चकाकतात. स्वयंपाकघरात मात्र शहाबादी फरशी. तिथे पाहुणे येत नाहीत.

बाजूच्या मार्जिनमधून वरच्या मजल्याला स्वतंत्र जिना, कारण मालक खाली आणि भाडेकरू वर. ही पार्ल्याची खरी अर्थव्यवस्था. आयुष्याची पुंजी प्लॉटात घातलेला निवृत्त नोकरदार वरच्या दोन बिऱ्हाडांच्या भाड्यावर कर्ज फेडे. वर पुढच्या बाजूला आडवी गॅलरी. चाळीसच्या सुमारास सिमेंट काँक्रीट हाताशी आलं, तशी तिचा कोपरा गोल झाला, कठड्यावर आडव्या पट्ट्या आल्या, कौलांच्या जागी गच्ची आली. दाणे वाळवायला, पतंगाला, आणि मुलगी बघायला आलेल्या मंडळींना वरून बघायला गॅलरीसारखी जागा नाही.

इंग्रजी रांगेतल्या घराचा खरा भाऊबंद शोधायचा तर तो स्कीममध्ये नाही, गावठाणात आहे. गावठाणं स्कीमच्या आखणीबाहेर राहिली. तिथे ईस्ट इंडियन घरं आजही भिंतीला भिंत लावून, वाकड्या गल्लीत. पुढे ओटा आणि बाहेरूनच वर जाणारा जिना. गिरगावात खोताची वाडी बघितली असेल त्याला हे चित्र ओळखीचं. साडेत्रेसष्ट अंशांनी त्यांना ओलांडलं.

स्कीममधल्या घरांना पुढे दुसऱ्याच कायद्यानं पकडलं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. वरच्या बिऱ्हाडाचं भाडं तेवढंच राहिलं आणि कौलांचा, रंगाचा, प्लंबरचा खर्च वाढत गेला. मालकानं दुरुस्ती सोडली, भाडेकरूनं जागा सोडली नाही. साठच्या दशकात एफएसआय आला : प्लॉटाच्या किती पट बांधायचं त्याचा आकडा. १९९१ च्या नियमावलीत टीडीआर आला, म्हणजे दुसरीकडचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन उपनगरात चढवायची मुभा. ज्या प्लॉटवर काल दोन-तीन बिऱ्हाडं होती, तिथे स्टिल्टवर पाच-सात मजले दिसू लागले. मार्जिन कागदावर राहिली, प्रत्यक्षात तिथे गाड्या आल्या, विहीर बुजली.

गॅलरीचं काय झालं ते तर कायद्याच्याच शब्दांत वाचता येतं. १९९१ च्या नियमांत बाल्कनीला एफएसआयमधून सवलत होती, आणि पैसे भरून ती बंद करून खोलीत घेता येई. म्हणून त्या काळातल्या पार्ल्याच्या इमारतींना बाल्कनीच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या दिसतात. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे सगळं एफएसआयमध्ये मोजायचं, आणि त्या बदल्यात प्रीमियम भरून ३५ टक्के फंजिबल एफएसआय घ्यायचा. मोजायचीच आहे तर उघडी कशाला ठेवा, असा हिशोब बिल्डरांनी केला आणि नव्या फ्लॅटांतून गॅलरी गेली.

जोत्याचंही तसंच. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा, पुढे काँक्रीटचा थर चढत गेला आणि एके काळी पायऱ्या चढून जायची घरं रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली आली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा किती तरी तळमजल्यांना हे गुडघाभर पाण्यात कळलं. नव्या इमारतींना तळमजल्यावर घरच नसतं, तिथे पार्किंग. हे त्याचंच उत्तर म्हणायचं तर म्हणा.

तरीही पूर्वेच्या काही गल्ल्यांत कौलं आणि गोल कोपऱ्याच्या गॅलऱ्या अजून दिसतात. त्या जुन्या वास्तूंच्या प्रेमापोटी उरल्यात असं सांगायला आवडलं असतं. पण पार्ल्याच्या अगदी कुशीत विमानतळ आहे, आणि धावपट्टीच्या टोकांकडच्या पट्ट्यात, ज्याला सगळे फनेल झोन म्हणतात, इमारतीची उंची विमानाच्या वाटेनं बांधलेली आहे. तिथे जेवढे मजले चढवता येतात, तेवढ्यात भाडेकरूंना जागा, बिल्डरला नफा आणि प्रीमियमचे पैसे हे तिन्ही बसत नाहीत. प्रस्ताव येतात, कागदावर वीस मीटर की तीस यावर अडतात आणि परत जातात. तेवढ्या वेळात मालक कौलांवर निळी ताडपत्री टाकून आणखी एक पावसाळा काढतो.